मऊ कुकी आणि चिनी लाकूड

इ.स. १७९६. फेब्रुवारी महिन्यात ब्रिटिश फौजांपुढे कोलंबोच्या डच किल्ल्याने शरणागती पत्करली आणि जगातील सर्वोत्तम दालचिनीची कोठारे डचांच्या हातून ब्रिटिशांच्या हाती गेली. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी पन्नास पानांच्याही आतले एक लहानसे पुस्तक छापले गेले. त्याचे नाव ‘अमेरिकन कुकरी’ आणि लेखिका अमेलिया सिमन्स. मुखपृष्ठावर तिने स्वतःची ओळख ‘एक अमेरिकी अनाथ’ एवढीच करून दिली होती. अमेरिकी व्यक्तीने लिहून अमेरिकेत छापलेले हे पहिले पाकशास्त्राचे पुस्तक मानले जाते. ‘कुकी’ या शब्दाने छापील पाककृतीत पाऊल ठेवले तेही याच पुस्तकातून.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. मात्र आज घरोघरी ओव्हनमधून निघणारी, बाहेरून दालचिनी-साखरेत घोळलेली आणि आतून मऊ, चिवट राहणारी कुकी तयार व्हायला या दोन्ही वाटा एकत्र याव्या लागल्या. एक वाट सालीची, दुसरी राखेची. दोन्ही वाटांवर बऱ्याच माणसांचा घाम सांडलेला आहे.

‘कुकी’ हा शब्द मुळात डच आहे. डच भाषेत ‘कूक’ म्हणजे केक आणि ‘कूक्ये’ म्हणजे इवलासा केक. आजचे न्यूयॉर्क १६६४ पर्यंत ‘न्यू अ‍ॅमस्टरडॅम’ होते. इंग्रजांनी ते घेतले, तरी डच कुटुंबांच्या चुली तिथेच राहिल्या आणि चुलीबरोबर शब्दही राहिला. इंग्लंडमध्ये त्याच पदार्थाला ‘बिस्किट’ म्हणत राहिले, अमेरिकेत तो ‘कुकी’ झाला.

सिमन्सच्या कुकीत दालचिनी नाही, हे वाचून आजच्या वाचकाला नवल वाटेल. तिच्या कृतीत आहे धन्यांची पूड, आणि तीही चिमूटभर नव्हे. नाताळच्या कुकीसाठी तीन पौंड पिठाला चहाचा कपभर पूड तिने सांगितली आहे. कोथिंबीर परसात उगवते, दालचिनी मात्र समुद्रापलीकडून येते. सिमन्सला दालचिनी ठाऊक नव्हती असे नाही. सफरचंदाच्या पायमध्ये ती दालचिनी घालते, पण कुकीला धन्यांवर भागवते.

याच कृतीच्या शेवटी तिने दिलेली सूचना तर फारच बोलकी आहे. या कुकीज आधी टणक आणि कोरड्या लागतील, पण मातीच्या भांड्यात घालून तळघरात किंवा दमट खोलीत ठेवल्या, तर सहा महिन्यांनी त्या अधिक मऊ आणि रुचकर होतील, असे ती सांगते. म्हणजे मऊ कुकी तेव्हाही लोकांना हवी होती, पण ती भट्टीतून मिळत नसे. साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि कुकी हळूहळू सैल पडते, या गुणधर्माच्या भरवशावर सहा महिने वाट पाहावी लागे. आज हे काम दहा मिनिटांत होते. सहा महिन्यांवरून दहा मिनिटांवर येण्याची ही गोष्ट राखेपासून सुरू होते.

सिमन्सच्या कृतीत कुकी फुगवण्यासाठी ‘पर्लअ‍ॅश’ आहे. लाकडाची राख पाण्यात कालवायची, ते पाणी गाळून आटवायचे आणि उरलेला काळपट क्षार भट्टीत भाजून पांढरा करायचा, असा हा पदार्थ. रसायनशास्त्राच्या भाषेत पोटॅशियम कार्बोनेट. मराठी स्वयंपाकघरातल्या पापडखाराचा हा दूरचा भाऊ म्हणता येईल. कणकेतल्या आंबट अंशाशी त्याची गाठ पडली, की कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो आणि यीस्टविना पीठ हलके होते. युरोपातल्या गृहिणी अंडी तासन्‌तास फेटून किंवा यीस्ट आंबवून जे साधत, ते अमेरिकी गृहिणी चमचाभर राखेच्या क्षारावर साधू लागल्या.

हा क्षार अमेरिकेत विपुल होता, कारण तिथे जंगले तोडून शेते केली जात होती. जाळलेल्या झाडांची राख हे कित्येक नव्या शेतकऱ्यांचे पहिले ‘पीक’ असे. काच, साबण आणि कापडाच्या धंद्याला हा क्षार लागे, म्हणून त्याला रोख पैसा मिळे. तो किती मोलाचा होता, हे एका गोष्टीवरून कळते. ३१ जुलै १७९० रोजी अमेरिकी सरकारने आपले पहिले पेटंट दिले, ते सॅम्युएल हॉपकिन्स याला, पोटॅश व पर्लअ‍ॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीसाठी. त्यावर सही होती राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची.

पण पर्लअ‍ॅशला साबणासारखी कडवट चव असे. लोणी भरपूर असेल तर ती अधिकच जाणवे, कारण क्षार आणि चरबी एकत्र आली की साबणच बनतो. यावर उतारा मिळाला तो सोड्याच्या रूपाने. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ याने साध्या मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडमध्ये या पद्धतीचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्या धुरांड्यांतून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांनी भोवतालची झाडे-पिके करपली आणि अखेर १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेला त्यासाठी कायदा करावा लागला. अमेरिकेत १८४६ मध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च या मेहुण्यांच्या जोडीने न्यूयॉर्कमध्ये खाण्याचा सोडा पुड्यांत भरून विकण्याचा धंदा मांडला. राखेचे काम संपले.

सोड्याला मात्र आंबटाची जोड लागते. ताक, आंबट दूध, काकवी यांवर भागे, पण त्यांचा आंबटपणा रोज सारखा नसतो. कधी सोडा उरे आणि कुकी पिवळट, कडू होई. इथे मदतीला आला द्राक्षांचा मद्य-व्यवसाय. वाइन मुरवण्याच्या लाकडी पिंपांच्या आतून एक खरखरीत थर जमतो. तो खरवडून शुद्ध केला, की मिळते पांढरीशुभ्र भुकटी, अर्थात ‘क्रीम ऑफ टार्टर’. ‘क्रीम’ हे नाव असले, तरी मलईशी तिचा संबंध नाही. या थरातूनच १७६९ मध्ये कार्ल विल्हेल्म शील या स्वीडिश रसायनज्ञाने टार्टरिक आम्ल वेगळे केले. पुढे १८४८ मध्ये तरुण लुई पाश्चरने याच आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली एकेक करून निवडले आणि काही रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे असतात हे दाखवून दिले. कुकीच्या इतिहासात पाश्चर डोकावून जातो तो असा, अगदी ओझरता.

या भुकटीचा गुण असा की ती कोरडी टिकते, आंबटपणा ठरलेला असतो आणि मोजता येतो. रसायनाच्या हिशेबाने १८८ भार टार्टरला ८४ भार सोडा पुरतो, म्हणजे साधारण सव्वादोनास एक. पाककृतींत आजही दोन चमचे टार्टरला एक चमचा सोडा असतो. गृहिणींनी अनुभवाने ठरवलेले हे माप प्रयोगशाळेच्या हिशेबापासून फारसे दूर नाही.

आता दुसरी वाट, सालीची.

दालचिनी कुठून येते हे न सांगण्यात व्यापाऱ्यांचा फायदा होता, आणि त्यांनी तो हजारो वर्षे घेतला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की अरबस्तानात मोठाले पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी कड्यांवर बांधतात. लोक मेलेल्या जनावरांचे अवजड तुकडे खाली ठेवतात, पक्षी ते उचलून नेतात, घरटी त्या भाराने कोसळतात आणि दालचिनी हाती लागते! रोमन लेखक प्लिनी याला या कथा भाव वाढवण्यासाठी रचल्याचा संशय होता, आणि तो रास्तच होता.

खरे झाड सिलोनचे, म्हणजे श्रीलंकेचे. फांद्या छाटत राहिल्या, तर बुंध्यातून सरळ कोंब फुटतात. पावसाळ्यात रस चढला, की दोनेक वर्षांचे कोंब कापतात. वरची खरबरीत साल खरवडून टाकतात, पितळी दांड्याने घासून आतली साल सैल करतात, दोन बाजूंनी उभे छेद देतात आणि कागदासारखी पातळ साल अखंड सोडवतात. हे पापुद्रे एकात एक सरकवून सुमारे ४२ इंचांची लांब नळी केली जाते आणि ती सावलीत वाळवतात. हात जरा जड पडला, की साल फाटते आणि दर्जा घसरतो. यंत्राने हे काम आजही नीट साधलेले नाही.

हे काम करणारी जात म्हणजे सलागम, युरोपीय कागदपत्रांतले ‘चालिया’. परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज दक्षिण भारतातून आलेले विणकर होते. सिंहली राजांच्या काळात त्यांच्या वाट्याला राजसेवा म्हणून साल सोलणे आले, आणि परकीय सत्तांनी त्या सेवेचा फास केला.

पोर्तुगीज पहिले आले. १५०५-०६ च्या सुमारास लोरेंसो द आल्मेदा याची जहाजे सिलोनच्या किनाऱ्याला लागली आणि कोट्टेच्या राजाकडून दालचिनीच्या खंडणीचे वचन मिळाले. हा लोरेंसो म्हणजे पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. मराठी वाचकाला त्याचे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. १५०८ मध्ये कोकणातल्या चौलच्या आरमारी लढाईत तो मारला गेला. १५१८ मध्ये पोर्तुगीजांनी कोलंबोला किल्ला बांधला, आणि सिलोनचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालू लागला.

याच गोव्यात १५६३ मध्ये एक पुस्तक छापले गेले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेले संवाद त्यात आहेत. हा ओर्ता असामान्य गृहस्थ होता. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. तो ज्यू वंशाचा होता, ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतरही धर्मसमीक्षण न्यायालय विसरले नाही. १५८० मध्ये गोव्यात त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. त्याच्या पुस्तकात दालचिनीवर एक स्वतंत्र संवाद आहे आणि त्यात त्याने नावाचा उलगडा केला आहे. फारसीत ‘दार-चिनी’ म्हणजे चिनी लाकूड. चिनी व्यापाऱ्यांची जहाजे हा माल पश्चिमेकडे आणत, म्हणून घेणाऱ्यांनी त्याला त्यांचेच नाव दिले. मराठीतली ‘दालचिनी’ ती हीच. संस्कृतात तिला नुसते ‘त्वक्’ म्हणजे साल म्हटले होते. ‘त्वक्’ हे वस्तूचे वर्णन आहे, ‘दालचिनी’ ही व्यापाराची नोंद.

पोर्तुगीजांना हुसकावण्यासाठी कँडीचा राजा दुसरा राजसिंह याने १६३८ मध्ये डचांशी करार केला. वीस वर्षांत, १६५८ पर्यंत, डचांनी पोर्तुगीजांना बेटावरून पार घालवले, पण जिंकलेला किनारा राजाला देण्याऐवजी स्वतःकडेच ठेवला. सिंहली भाषेत यावर म्हण आहे, आले देऊन मिरची घेतल्याची. मराठी माणूस त्याला आगीतून फुफाट्यात म्हणेल.

डच ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब थंड डोक्याचा होता. माल थोडा ठेवायचा आणि भाव चढा. परवान्याशिवाय दालचिनी सोलणे, विकणे किंवा झाड तोडणे यांसाठी मृत्युदंडापर्यंत शिक्षा होत्या. सलागम पुरुषांची नावे नोंदवह्यांत चढवली जात आणि प्रत्येकाने ठराविक वजनाची साल द्यावी असा दंडक असे. झाडे तेव्हा रानातच वाढत. सोलणाऱ्यांना महिनोन्‌महिने घर सोडून जंगलात राहावे लागे, तिथे हत्ती, बिबटे आणि ताप. अनेक जण कंपनीच्या मुलखातून पळून कँडीच्या राज्यात जात. १७६० मध्ये असंतोषाचा भडका उडाला. सोलणारे आणि शेतकरी उठले, कँडीचा राजा त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि १७६६ च्या तहापर्यंत युद्ध चालले. एकीकडे सिलोनमध्ये माणसे सालीपायी मरत होती आणि त्याच सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये भाव पडू नये म्हणून दालचिनीचे ढीग जाळले जात होते. एका फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने ते दृश्य प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले आहे.

युद्धानंतर डचांनी कोलंबोजवळ मारदाना येथे दालचिनीची पद्धतशीर लागवड सुरू केली. रानातले झाड बागेत आले. कोलंबोतला ‘सिनॅमन गार्डन्स’ हा श्रीमंत वस्तीचा भाग आजही त्या बागांचे नाव सांगतो. १७९६ मध्ये ब्रिटिशांना हाती आले ते हे सारे. त्यांनीही मक्तेदारी १८३३ पर्यंत सोडली नाही, आणि ती सोडल्यावरही निर्यातीवर जबर कर ठेवला.

तोवर उशीर झाला होता. महाग सालीला पर्याय तयार होता तो चिनी दालचिनीचा, म्हणजे ‘कॅशिया’चा. साल जाड, रंग तांबूस, चव तिखट-गोड आणि किंमत कमी. अमेरिकी जहाजे १७८४ पासून कँटनला जाऊ लागली होती, आणि चहा-रेशमाच्या व्यापाराच्या आडोशाने ही सालही अमेरिकी बंदरांत उतरू लागली. पुढे सुमात्रा बेटावरच्या केरिंची भागातली आणि व्हिएतनाममधली साल त्यात मिसळली. अमेरिकेत ‘सिनॅमन’ म्हणून जी पूड विकली जाते, ती बहुतेक याच जातींची. सिलोनची दालचिनी नाजूक आणि किंचित लिंबासारखी दरवळते. अमेरिकी माणसाच्या मनातला ‘दालचिनीचा वास’ मात्र कॅशियाचा आहे. मक्तेदारांनी ज्या मालासाठी माणसे झिजवली, त्याची चवच मोठ्या बाजारपेठेने पुढे बदलून टाकली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या दोन्ही वाटा एकत्र आल्या. अमेरिकी छापील मजकुरात तेव्हा एक गमतीदार नाव दिसू लागते, ‘स्निकरडूडल’. ते जर्मन ‘श्नेकेननूडेल’ या गोड गुंडाळीवरून आले असे काही म्हणतात, तर न्यू इंग्लंडमध्ये पदार्थांना अर्थहीन, खेळकर नावे देण्याची हौस होती, त्यातले हे एक असे इतरांना वाटते. सुरुवातीला काही ठिकाणी ते पीठ ताटात पसरून, वर दालचिनी-साखर भुरभुरून भाजत आणि वड्या कापत. गोळे वळून दालचिनी-साखरेत घोळवण्याची रीत नंतर रूढ झाली.

दालचिनी आणि रासायनिक फुगवण यांचे जमण्यामागे एक कारण आहे. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड यीस्टला मारक असते. यीस्टच्या पिठात ती भरपूर मळली, तर पीठ नीट फुगत नाही. म्हणून पावात ती थरांमध्ये पसरतात. सोडा-टार्टरला तिचे काही वावडे नाही.

मऊपणाचा हिशेब असा. पाव किलोच्या आतबाहेर लोणी, दीड कप साखर, दोन अंडी, पावणेतीन कप मैदा, दोन चमचे क्रीम ऑफ टार्टर, एक चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ. सुपारीहून मोठे गोळे वळून दालचिनी-साखरेत घोळवायचे आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटे भाजायचे. टार्टरच्या आंबटपणामुळे साखरेचे पुन्हा खडे बनत नाहीत, कुकी लवकर तांबूस होत नाही आणि तिला बारीकशी आंबट झाक येते. कडा आवळल्या पण मधला भाग अजून ओलसर दिसतो, त्याच क्षणी ताट बाहेर काढायचे. उरलेली भाजणी तापलेल्या ताटावर होते. दोन मिनिटे अधिक झाली, तर सिमन्सची टणक कुकी परत येते.

‘त्याच क्षणी’ हे म्हणणे सोपे झाले ते विसाव्या शतकात. लाकूड-कोळशाच्या लोखंडी चुलीत हात घालून, तो किती वेळ सहन होतो यावर उष्णता ओळखत. १८९६ मध्ये बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी सपाट भरलेल्या चमच्या-कपाच्या मापांचा आग्रह धरला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत उष्णता आपोआप राखणारे गॅसचे ओव्हन घरांत आले. मऊ कुकी ही तेव्हा कुठे रोजच्या घरगुती आवाक्यातली गोष्ट झाली. ‘आजीच्या हातची’ म्हणून ती जितकी जुनी वाटते, तितकी ती नाही.

मराठी घरात ही कुकी करताना डब्यातून निघणारी दालचिनी बहुधा जाड, एकपदरी आणि कडक असते, म्हणजे चिनी जातीची. सिलोनची असेल, तर तिचे पापुद्रे विडीच्या पानासारखे एकात एक गुंडाळलेले आणि हाताने चुरडता येतील इतके पातळ दिसतात. कोकणातही आता दालचिनी लावली जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोंकण तेज’ नावाचे वाण दिले आहे आणि नारळ-सुपारीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून घेतात. हे झाड सिलोनच्या जातीचे आहे. मातीने ते कोकणी झाले, तरी त्याची साल बाजारात जाते ती ओर्ताने उलगडलेल्या त्याच फारसी नावाने, चिनी लाकूड म्हणून.